फिलिमोनेची निळी टोपी

जगात पर्यटक वेगळे आणि प्रवासी वेगळे, असं फिलिमोनेच्या गिऱ्हाइकांचं ठाम मत होतं. पर्यटक म्हणजे चाकांची बॅग ओढत येणारे, मोठ्या हॉटेलात उतरणारे, बिचारे. प्रवासी म्हणजे बॅग पाठीवर घेणारे, आठ जणांच्या खोलीत झोपणारे, ज्यांना जग खरोखर कळलेलं असतं. लाटांत बोट हलायला लागली की उलट्या मात्र दोघांना सारख्याच व्हायच्या. बोट फिलिमोनेलाच धुवावी लागायची, त्यामुळे त्याची याबाबतीत खात्री होती.

फिलिमोने छप्पन्न वर्षांचा. यासावाच्या बेटांमधून पाहुणे हिंडवायचं काम तो गेली सव्वीस वर्षं करत होता, आधी हॉटेलच्या बोटीवर, आता स्वतःच्या. त्या दिवशी त्याच्या बोटीत तिघं होती. रेटो नावाचा एक उंच स्विस पोरगा, ज्याच्याकडे उडवायचा ड्रोन होता आणि सात महिन्यांचं चित्रीकरण होतं. फेम्के नावाची डच बाई, जिच्याकडे वही होती आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं. आणि कॅलम नावाचा आयरिश गडी, ज्याच्याकडे फक्त भूक होती, आणि उन्हाने सोललेलं नाक. तिघांची ओळख चार दिवसांपूर्वीची, पण एकमेकांना ‘आमचं कुटुंब’ म्हणत होती. फिलिमोनेचं त्यांनी परस्पर ‘फिल’ करून टाकलं होतं. त्याच्या आईने चार अक्षरी नाव ठेवताना यांच्या सोयीचा विचार केला नव्हता, हे खरंच.

बोट सुटायच्या आधी किनाऱ्यावर त्याचा चुलतभाऊ नेमानी आला. त्याने बोटीतला नवा कोरा दोर उचलला, “केरेकेरे” म्हणाला आणि खांद्यावर टाकून चालू लागला. फिलिमोने जाणाऱ्या दोराकडे बघत राहिला. फेम्केची वही लगेच उघडली. केरेकेरेबद्दल तिने वाचलेलं होतं. मागितलं की द्यायचं, नाही म्हणायचं नाही. किती सुंदर, म्हणाली, म्हणजे तुमच्यात मालकी ही कल्पनाच नाही. फिलिमोने म्हणाला, आहे की, म्हणून तर दोराचं वाईट वाटतंय.

मग मीही तुझ्याकडे काही मागू शकते का, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं, तसं नसतं. केरेकेरे आपल्याच माणसाकडे करतात, रक्ताच्या नाहीतर नात्याच्या. परक्याकडे कोण मागतं? परक्याकडून विकत घ्यायचं असतं. “तू गिऱ्हाईक आहेस, बाई. तू पावती माग.” फेम्केने हेही लिहून घेतलं, पण जरा नाराज होऊन.

तिला जे समजलं नाही ते असं, की नेमानी महिन्यातून दोनदा काही ना काही उचलून न्यायचा, आणि फिलिमोने घरी जाऊन बायकोपाशी त्याच्या नावाने कडाकडा बोटं मोडायचा, आणि तरी त्याला ते बरं वाटायचं. कारण त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाने, आपेनिसाने, गेल्या अकरा वर्षांत त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. साधा माशाचा गळसुद्धा नाही.

गोष्ट जुनी होती, पण शिळी झाली नव्हती. बाप गेला तेव्हा फिलिमोने एका हॉटेलच्या बोटीवर नोकरीला होता. निरोप आला, पण बोटीत नवी लग्न झालेली सहा जोडपी बसलेली, आणि मालक म्हणाला, आजचा दिवस काढ, उद्या जा. फिलिमोनेने तो दिवस काढला. दुसऱ्या दिवशी नावाकाई गावात पोचला तेव्हा बापावर माती पडून गेली होती. आपेनिसा सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाला, “तुझे नातेवाईक पिशव्या लावून फिरतात. जा, त्यांच्यातच राहा.” फिलिमोने उठला, हॉटेलने दिलेली निळी टोपी डोक्यावर चढवली, आणि गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती घालून चालत गेला. तिकडच्या गावांत टोपीचा मान फक्त प्रमुखाचा. बाकी कुणी डोक्यावर टोपी ठेवून गावातून फिरणं म्हणजे मोठ्या माणसाच्या नाकावर टिच्चून फिरणं. आणि नावाकाईत आता मोठा माणूस म्हणजे आपेनिसा होता.

ती टोपी अजून त्याच्या डोक्यावर होती. कड उसवली होती, रंग उडून आभाळासारखा झाला होता. बायको, लितियाना, दर नाताळाला नवी आणायची आणि तो दर नाताळाला ती कुणाला तरी देऊन टाकायचा. हट्ट म्हणतात तो हाच.

पण आता हट्टाला परवडणारे दिवस राहिले नव्हते. मुलीचं, मेरेवालेसीचं लग्न पुढच्या महिन्यावर आलं होतं. मुलाकडचे चाळीस जण येणार, चटया घेऊन, देवमाशाचा दात घेऊन. तो दात मुलीच्या बापाच्या बाजूचा वडीलधारा माणूस हातात घेतो, तेव्हा लग्न लग्न होतं. फिलिमोनेच्या बाजूला कोण बसणार होतं? आपेनिसा नाही म्हणजे नावाकाईतलं चिटपाखरू येणार नाही. मेरेवालेसी बोलत नव्हती, पण आईला तिने एकदा विचारलं होतं, की आपल्या बाजूची चटई रिकामीच राहणार का. हे लितियानाने नवऱ्याला सांगितलं, आणि त्या रात्री तो जेवला नाही.

माफी मागायची तर यंगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात कालवून प्यायच्या मुळ्यांची जुडी घेऊन जावं लागतं, भावासमोर ठेवावी लागते, मान खाली घालून बसावं लागतं. जुडी त्याने आणली होती. उत्तम, जाड मुळ्यांची, तांबडी फीत बांधलेली. गेले आठ महिने ती बोटीत त्याच्या बैठकीखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडली होती. रोज नावाकाई समोरून जायची आणि रोज तो इंजिन होतं नव्हतं तेवढं पिळून पुढे काढायचा. पाहुण्यांना वाटायचं ही मजा म्हणून चाललीय. ते ओरडून दाद द्यायचे.

त्या दिवशी सकाळ ठरल्याप्रमाणे गेली, म्हणजे काहीच ठरल्याप्रमाणे झालं नाही. पाण्याखालून आत शिरायच्या गुहेत कॅलमने बुडी मारली आणि अर्ध्यात धीर सुटून उलटा बाहेर आला. मग आपण आत जाऊन आलो असंच सगळ्यांना सांगत बसला. फेम्केने मासा खाल्ला नाही, कारण माशाला भावना असतात. मग लितियानाने बांधून दिलेला कसाव्याचा सगळा उकडलेला कंद तिने एकटीने संपवला, कसाव्याला नसतात. दुपारी फेम्केला नावाकाईसमोरचा वाळूचा पट्टा दिसला आणि तिथेच थांबू या असं तिने काढलं, कारण तो कुठल्याही पुस्तकात नव्हता. फिलिमोने म्हणाला, नको, तिथे प्रवाह वाईट आहे. समुद्र तेव्हा ताटातल्या पाण्यासारखा होता. तिघांनी मतदान घेतलं. ज्याची बोट होती त्याला मत नव्हतं.

वाळूवर उतरताच रेटोने ड्रोन उडवला. समोरच्या बेटावरचं ‘अस्पर्शित गाव’ त्याला वरून टिपायचं होतं. अस्पर्शित गावात त्या वेळी तीन घरांवर टीव्हीच्या तबकड्या होत्या, पण वरून चांगल्या दिसत असाव्यात. फिलिमोने बोटीआड बसून राहिला, पाठ गावाकडे करून. पाच मिनिटांत एका ससाण्याला तो भिरभिरणारा प्रकार पसंत पडला नाही. त्याने वरून झडप घातली आणि ड्रोन गिरक्या घेत घरांच्या मागे गेला. रेटोच्या हातातल्या पडद्यावर क्षणभर चिखल दिसला, मग एक मोठं ओलं नाक, मग काहीच नाही.

रेटो रडायला लागला. सात महिन्यांचं सगळं त्यातल्या इवल्याशा कार्डावर होतं, दुसरीकडे कुठे काढून ठेवलं नव्हतं. फिलिमोने म्हणाला, दुसऱ्या बोटवाल्याला पाठवून उद्या मागवून घेतो. रेटो आणखी रडला. रडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं फिलिमोनेला कधी जमलं नाही, म्हणूनच हा धंदा त्याला कधी नीट जमला नाही. आणि खरं सांगायचं तर, अकरा वर्षं जे निमित्त सापडत नव्हतं ते आता डुकरांच्या कुंपणात जाऊन पडलं होतं.

गावात जायचं तर पाहुण्यांनी यंगोना द्यावी लागते, ती घेतलीय का, असं त्याने विचारलं. तिघं एकमेकांकडे बघायला लागली. बाजारातून घेतली होती. पण तिसऱ्या दिवशी वसतिगृहात कुणीतरी गिटार काढलं, आणि मग ती त्यांनीच पिऊन टाकली. अनुभव म्हणून.

मग फिलिमोनेने बैठकीखाली हात घातला आणि आठ महिने जपलेली जुडी बाहेर काढली. माफीची जुडी ड्रोनच्या नावाने जाणार होती, आणि एकदा पाहुण्यांच्या नावाने ठेवली की ती आपली म्हणता येणार नव्हती. “मोठी छान आहे,” कॅलम म्हणाला. छानच होती.

गावाच्या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी त्याने नियम सांगितले. टोपी काढायची. काळा चष्मा काढायचा. पिशवी खांद्यावर घ्यायची नाही, हातात धरायची. गुडघे झाकायचे. मांडी घालून बसायचं, पाय पसरायचे नाहीत. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, अगदी लहान पोराच्यासुद्धा नाही. रेटोने नियम परत म्हणून दाखवले, कारण त्याच्या देशात तशी शिस्त असते. फिलिमोनेने ते तिघांकडून तीनदा वदवून घेतले. एवढं करूनही फेम्केने पिशवी बोटीत ठेवायला नकार दिला. आत पासपोर्ट होता, आणि अस्पर्शित लोकांवर तिचा विश्वास असला तरी पासपोर्टच्या बाबतीत नव्हता. ती पिशवी तान्ह्या पोरासारखी पोटाशी धरून चालायला लागली.

गावातून जाताना फिलिमोनेचं सगळं लक्ष त्या तिघांवर होतं. पोरं शहाण्यासारखी चालत होती, उघड्या डोक्यांनी, खाली बघत. पण गाव मात्र गप्प होत गेलं. चटई विणणाऱ्या बायकांचे हात थांबले. एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. अकरा वर्षांनी आपण आलो म्हणून हे, असं फिलिमोनेला वाटलं. त्याने जुडी दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरली.

आपेनिसाच्या दाराशी तो थांबला. दादा आत चटईवर बसला होता. म्हातारा झाला होता, केस सगळे पांढरे. त्याने भावाकडे पाहिलं, पण डोळ्यांत नाही. चार बोटं वर पाहिलं.

तेव्हा फिलिमोनेला कळलं. तिघांच्या टोप्या उतरवता उतरवता तो स्वतःची विसरला होता. तीच निळी टोपी घालून तो पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आला होता, आणि या खेपेला मुद्दाम केलंही नव्हतं. ते आता कुणाला पटवणार? हातात जुडी, ती जमिनीवर टाकता येईना, आणि हात मोकळे केल्याशिवाय टोपी काढता येईना. तो दगड होऊन उभा राहिला. मेरेवालेसीची रिकामी चटई त्याच्या डोळ्यांसमोर आली.

रेटोच्या ध्यानात सगळं आलं. म्हणजे अर्धं आलं. नियम मोडला जात होता आणि त्याच्यासारख्या मुलाला ते बघवेना. त्याने हात लांब केला, सगळ्या गावासमोर, सगळ्या भाऊबंदांसमोर, छप्पन्न वर्षांच्या माणसाच्या डोक्यावरची टोपी उचलली, आणि विस्कटलेले केस मायेने दोनदा चापून बसवले.

डोक्याला हात लावणं काय असतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रेटो टोपी हातात घेऊन हसऱ्या चेहऱ्याने उभा होता, शाबासकीची वाट बघत. मग आतून, चुलीकडून, एक आवाज आला. आपेनिसाची बायको वासिती दोन्ही हातांनी तोंड दाबत होती आणि ते दाबलं जात नव्हतं. मग दारातली म्हातारी फुटली. मग बाकीचे. बायका चटयांवर लोळायच्या बाकी राहिल्या. फिलिमोनेला आधी लाज वाटली, मग राग आला, मग नाकातून विचित्र आवाज काढून तोही हसायला लागला, आणि हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आपेनिसा एकटा हसला नाही. हसू पूर्ण ओसरेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, “बसा.”

फिलिमोने गुडघ्यांवर पुढे सरकला, जुडी चटईवर ठेवली आणि ठरलेले शब्द म्हणाला, की ही एवढीशीच जुडी आहे, तुमच्या मानाला पुरी पडणारी नाही, दुरून आलेले तीन पाहुणे आहेत, त्यांचं एक यंत्र तुमच्या अंगणात पडलं. आवाज मध्येच चिरकला. आपेनिसाने जुडीला हात लावला. ओंजळीने तीन टाळ्या वाजल्या. “पाहुण्यांची यंगोना पोचली,” तो म्हणाला. पाहुण्यांची. त्यापुढे शब्द नाही.

मुळ्या कुटल्या, काथवटीत कालवल्या, करवंटी फिरली. रेटोला, फेम्केला, कॅलमला. फेम्केने चव मातीसारखी आहे असं न म्हणता मातीशी जोडणारी आहे असं म्हटलं. कॅलमने तीन करवंट्या रिचवल्या आणि जीभ बधिर झाल्यामुळे त्या दिवसात पहिल्यांदाच गप्प बसला. सगळ्यांत शेवटी करवंटी फिलिमोनेकडे आली, बोटवाल्याकडे येते तशी. त्याने प्यायली. दादा त्याच्याकडे न बघता पावसापाण्याचं बोलत होता, दुसऱ्या कुणाशी तरी.

मग वासितीने ड्रोन आणला. डुकरिणीने फक्त एक पंख चावला होता. पण पाहुण्यांची वस्तू तशी घाण कशी परत द्यायची, म्हणून वहिनींनी तो बादलीत बुडवून साबणाने खसखसून घासला होता आणि कपड्यांच्या दोरीवर उलटा वाळत घातला होता. फटीफटीतून अजून फेस येत होता. रेटोने तो दोन्ही हातांनी घेतला. त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण आभार त्याने नीट मानले, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

आता थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. जुडी संपली, निमित्त धुऊन झालं. फिलिमोने उठला. रेटोने त्याला टोपी परत दिली होती, ती त्याने हातात चुरगाळून धरली. दारापर्यंत पोचला तेव्हा मागून आवाज आला.

“ती टोपी.”

फिलिमोने वळला. आता बोलणी खायची, असं समजून त्याने मान खाली घातली.

“चुकून राहिली, दादा. आई शपथ, या वेळी चुकून.”

“ते दिसलं सगळ्या गावाला.” आपेनिसाने हात पुढे केला. “इकडे दे. केरेकेरे.”

फिलिमोनेला वाटलं आपल्याला भास झाला. आत बसलेले सगळे थांबले होते. वासिती चुलीपासून उठून उभी राहिली होती.

“जुनी आहे, दादा,” तो कसाबसा म्हणाला. “कड उसवलीय.”

“दिसतंय मला. लग्नाला तुझ्या बोटीतूनच यावं लागणार ना? दोन तास उन्हात बसायचं म्हणजे डोक्याला काहीतरी पाहिजे.”

फिलिमोनेने गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी टोपी दिली. आपेनिसाने ती उलटीपालटी करून पाहिली, आतून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि मांडीखाली ठेवून दिली. मग तो पुन्हा पावसापाण्याचं बोलायला लागला.

परतताना बोटीत फेम्के खदखदत होती. भाषा तिला कळली नव्हती, पण शब्द एक कळला होता, आणि डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं. हातातली टोपी काढून घेतली. गरीब बोटवाल्याची. ज्याच्याकडे सत्ता असते तो केरेकेरेच्या नावाखाली लुबाडतो, हे तिने वहीत दोनदा अधोरेखित केलं, आणि पुढच्या प्रवाशांना सावध करणारं काहीतरी रात्री लिहून टाकणार असं जाहीर केलं. रेटोने, स्वतःचं दुःख बाजूला ठेवून, आपली टोपी फिलिमोनेपुढे धरली. तुला रडताना बघवत नाही, म्हणाला. फिलिमोनेने मान हलवून नको म्हटलं. ऊन डोळ्यांत जातंय, एवढंच सांगितलं. इंजिन त्याने इतकं हळू ठेवलं होतं की कॅलमने विचारलं, पेट्रोल संपलं की काय.

घरी लितियाना पायरीवर नारळ खवत बसली होती. नवऱ्याचं उघडं डोकं आणि लालबुंद कपाळ तिने पाहिलं.

“टोपी कुठाय?”

“दादाने घेतली.”

तिचा हात थांबला. “ओढून घेतली?”

“नाही. मागितली.”

“मागितली?”

“केरेकेरे म्हणाला.”

लितियानाने करवंटी खाली ठेवली. मग दंडाने डोळे पुसले आणि पुन्हा नारळ हातात घेतला.

“मग एका डुकरावर भागायचं नाही,” ती म्हणाली. “दोन सांगून ठेव.”